चुकांची वही

आमच्या घरात देवांच्या फोटोंशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली असायची. ती चुकांची वही. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेच्या वर्कशॉपमध्ये हवालदार होते आणि त्यांच्या वर्कशॉपमध्ये अशी एक वही होती. ड्रिलचं पातं तुटलं, वायरीतून ठिणगी उडाली, चालू मशीनजवळ कुणी पाना विसरला, तर कुणाला खरचटलं नसलं तरी ज्याची चूक त्यानं ती स्वतःच्या हातानं वहीत लिहायची आणि शनिवारी सगळ्यांसमोर उभं राहून वाचायची. काय झालं, का झालं, काय करायला हवं होतं, एवढंच. हा फौजेचाच नियम होता की त्यांच्या एखाद्या उस्तादानं घालून दिलेला, ते मी कधी विचारलं नाही. आबांनी तो उचलून घरी आणला.

माझी पहिली नोंद मी नऊ वर्षांची असतानाची आहे. दिल्ली कॅन्टोन्मेंटमधलं दोन खोल्यांचं क्वार्टर, शाळेचा युनिफॉर्म, आणि मी ओल्या हातानं इस्त्रीची पिन ओढली. झटका बसला, मी फेकली गेले, आईनं आरडाओरडा केला. आबा संध्याकाळी आले, माझे हात उलटेपालटे करून बघितले आणि वही पुढं ठेवली. मी लिहिलं की पुन्हा असं करणार नाही. आबांनी ती ओळ खोडली.

"पुन्हा करणार नाहीस ते कुणी विचारलं? का केलंस ते लिही."

मी लिहिलं, घाई. ते चाललं. पुढच्या शनिवारी आबा, आई आणि धाकटा भाऊ अशा तीनच माणसांच्या परेडसमोर उभी राहून मी ते वाचलं. म्हणजे मला धरून चौघं. भाऊ हसला म्हणून त्याला कोपऱ्यात उभं केलं.

आई मात्र वहीत कधी लिहायची नाही. "चुका तुमच्या वर्कशॉपात होतात, माझ्या सैपाकघरात नाही," असं ती म्हणायची आणि त्याच वेळी मागं दूध उतू जात असायचं. आबा तिला काही बोलायचे नाहीत. साऱ्या फौजेत त्यांनी कुणाला सवलत दिली असेल तर ती तिला.

बाकी आम्हाला सवलत नव्हती. चालू मशीनकडं पाठ करायची नाही. ग्राइंडर बंद केला तरी चाक थांबेपर्यंत हातातून सोडायचा नाही. सैल बाही नको, ओढणी नको, बांगडी नको. पिन काढायची तर वायरीला धरून ओढायची नाही. आणि सगळ्यात वरचा नियम, बंद वस्तूला आच द्यायची नाही. डबा असो, ड्रम असो, पेटी असो, आधी उघडायची, रिकामी करायची, मग तिला हात लावायचा. कुण्या एका जवानानं बंद ड्रमला वेल्डिंगची ज्योत लावली होती. तो नंतर कसा दिसत होता ते आबांनी आम्हाला एकदाच सांगितलं, तेही जेवायच्या वेळी, आणि त्या दिवशी आम्ही ताटावरून तसेच उठलो.

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत आबांच्या हाताखाली एकही मोठा अपघात झाला नाही. कुणाचं बोट गेलं नाही, कुणाचा डोळा गेला नाही. पदकं त्यांना बाकीच्यांना मिळतात तेवढीच मिळाली, आणि ती कुठल्यातरी डब्यात पडून होती. पण घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला, चहा अर्धा झाला की, अपघात नसल्याचं हे एक वाक्य ऐकावं लागायचं. मला त्याची लाज वाटायची. आता त्या लाजेची लाज वाटते.

आई गेल्यावर आबा माझ्याकडं नोएडाला राहायला आले. भाऊ पुण्याला, त्याचं घर भरलेलं. मी लग्न केलं नाही, दिल्लीत केंद्राच्या मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, दोन बेडरूमचा फ्लॅट, त्यामुळं आबांनी कुठं राहायचं याची चर्चा करायची गरजच पडली नाही. ते आले ते दोन लोखंडी ट्रंका आणि हत्यारांची पेटी घेऊन. गॅलरी त्यांनी महिनाभरात वर्कशॉप करून टाकली. ड्रिल, छोटा ग्राइंडर, लाकूड कापायची जिगसॉ, प्रत्येकाची वायर गुंडाळून खुंटीला. सगळ्या सोसायटीचे पडदे, नळ, मिक्सर त्यांच्याकडं यायचे. येणाऱ्याला ते आधी चष्मा घालायला लावायचे, अगदी नुसतं बघायला आलेल्यालाही.

मग त्यांचे हात कापायला लागले. आधी बशी वाजायची. मग शेजारच्या सुभेदारसाहेबांकडं, हे गढवालचे, आबांसारखेच निवृत्त, त्यांच्याकडं घड्याळासाठी भिंतीला भोक पाडताना ड्रिल बोटभर सरकलं. प्लास्टर उडालं, दुसरं काही नाही. आबांनी घरी येऊन ते वहीत लिहिलं. का झालं, हात स्थिर नाही. काय करायला हवं होतं, दोन्ही हातांनी धरायला हवं होतं.

मी ती नोंद वाचली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी सगळी हत्यारं माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. मी ऑफिसात फायली अडवते तशीच ही हत्यारं अडवली, कारण दिलं आणि चर्चा नको म्हटलं. माझा स्वभाव तसाच आहे. कुणाचं भलं करायचं म्हटलं की माझा आवाज चढतो.

"वहीत माझ्या नावावर मोठं काही आहे का?" आबांनी विचारलं.

"ते लिहायची वेळ येईपर्यंत थांबायचं का?"

 गॅलरीतल्या रिकाम्या खुंट्यांवर त्यांनी दोन दिवसांनी कपडे वाळत घातले.

आता त्या दोन ट्रंकांपैकी एकीचं सांगते. फौजेतल्या प्रत्येक घरात अशी ट्रंक असते, पत्र्याची, पुढच्या बाजूला पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव आणि पत्ता. बदली झाली की जुन्या पत्त्यावर रंगाचा हात मारायचा, नवा पत्ता लिहायचा. आमची ट्रंक काळी होती, मग करडी झाली, मग हिरवी, पुन्हा काळी. दर बदलीला एक थर. सगळ्यात खालच्या थरावर आईचं अक्षर होतं. फॅमिली क्वार्टर पहिल्यांदा मिळालं तेव्हा आबा कुठल्यातरी कोर्सवर होते, युनिटचा पेंटर उद्या-परवा करत होता, तेव्हा चौथी शिकलेल्या आईनं स्वतः ब्रश घेतला आणि मराठीत पत्ता रंगवला. एक अक्षर मोठं, एक बारीक, शेवटच्या ओळीला जागा पुरली नाही म्हणून ती वर वळवलेली. सातारा जिल्ह्यातलं तिचं गाव ते दिल्ली, सगळा प्रवास ती त्या ट्रंकेवर बसून आली. आईनं लिहिलेलं एवढंच. तिची पत्रं बदल्यांमध्ये कुठं गेली कुणाला ठाऊक, आणि वहीत तर तिनं कधी लिहिलंच नाही.

ट्रंकेत आता आईच्याच वस्तू होत्या. तिचा मरून रंगाचा लोकरी कोट, शाली, नायलॉनच्या आणि सुती साड्या, खाली वर्तमानपत्रं, मधे डांबरगोळ्या. किल्ली आबांच्या करदोड्याला. दिवाळी झाली की एका रविवारी ते ट्रंक उघडत, सगळं गॅलरीत उन्हाला घालत आणि संध्याकाळी पुन्हा घडी घालून ठेवत. ते काम दुसऱ्या कुणी करायचं नाही.

एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर आबांच्या मांडीवर एक खोका. मेट्रोनं एकटेच करोल बागला गेले होते. तिथं मोटारींच्या काचांना फिल्म आणि अंगाला स्टिकर लावणारी माणसं एक यंत्र वापरतात, पिस्तुलासारखं धरायचं, पुढून गरम हवा. हीट गन. त्यानं जुना रंगही सुटतो. आबांनी तासभर उभं राहून ते काम बघितलं होतं आणि एक विकत आणलं होतं.

"वरचा थर काढायचा, मग थांबायचं, मग खालचा," ते मला सांगायला लागले. त्यांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी तसा दिसत होता. "आच कमी ठेवायची. नळी एका जागी धरायची नाही, हलवत ठेवायची. जुन्या रंगात शिसं असतं, मास्क पाहिजे. वारा पाहिजे. घाई केली की सगळेच थर एकदम निघतील, मग तिचं अक्षर पण जाईल. आणि पहिली गोष्ट..."

"आबा, हात बघा तुमचे."

"तू धर. मी नुसतं सांगतो."

"मला उद्या मीटिंग आहे. बघू पुढच्या शनिवारी."

हीट गनही कपाटात गेली. पुढचा शनिवार गेला, त्याच्या पुढचा गेला. ते दर शुक्रवारी विचारत, उद्या आहेस का घरी. मी घरी असायचे. पण आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका काढून आलेल्या बाईला शनिवारी म्हाताऱ्याच्या हाताखाली काम करायचा कंटाळा यायचा. दिवाळी येऊन गेली.

नोव्हेंबर हा पेन्शनरांचा महिना. आपण जिवंत आहोत असा हयातीचा दाखला बँकेत द्यायचा असतो. त्या शनिवारी सुभेदारसाहेब स्वतःच्या गाडीनं निघाले होते, आबांना सोबत घेऊन गेले. बँकेत रांग असणार, दुपार होणार. मी ठरवलं, तेवढ्यात ट्रंक मोकळी करून टाकू. ते परत येतील तेव्हा आईचं अक्षर समोर. वाचणाऱ्याला वाटेल किती माया. माया होतीच, पण त्याहून जास्त मला तो विषय संपवायचा होता. दर शुक्रवारचा तो प्रश्न बंद व्हायला हवा होता.

ट्रंक मी ओढत गॅलरीत आणली. मास्क लावला, चष्मा लावला, ओढणी काढून ठेवली. सगळं आठवत होतं मला. कुलपाकडंही बघितलं. किल्ली आबांच्या कमरेला, आबा बँकेत. आणि मी मनात म्हणाले, बाहेरचाच तर रंग काढायचाय, आत कुठं हात लावायचाय. केस वाळवायच्या यंत्राची ही थोरली बहीण, एवढीच मी त्या हीट गनची किंमत केली होती.

पहिला थर छान निघाला. रंग फुगतो, सुरकुततो, मग पात्यानं ओढला की पापुद्र्यासारखा येतो. काळा गेला, हिरवा आला. मला ते आवडायला लागलं. हिरव्याखाली करडा चिवट निघाला, हलेना. मी बटण सगळ्यात वरच्या आकड्यावर नेलं आणि नळी एका जागी धरून ठेवली. करडा फुगला. त्याच्या कडेला खाली काळं दिसलं आणि काळ्यावर पांढरं, एक वळण. अक्षराचं वळण. 'स'चं असेल, 'त'चं असेल. मी आणखी जवळ धरलं.

वास मला बराच वेळ येत होता. मास्कमधून डांबरगोळ्यांचा उग्र वास येत होता, आणि मग केस जळल्यासारखा. मी म्हटलं जुना रंग आहे, असंच येणार. पत्र्याला बाहेरून दिलेली आच आत जाते, हे कळायला वर्कशॉपची गरज नाही, पोळीचा तवा वापरणाऱ्या कुठल्याही बाईला ते कळतं. मला झाकणाच्या फटीतून धूर दिसला तेव्हा कळलं.

मी हीट गन बंद केली, पिन काढली, बादली भरायला न्हाणीघरात धावले. एक बादली ट्रंकेवर ओतली. पत्रा चरचरला, पण धूर येतच राहिला. दुसरी बादली भरत होते तेवढ्यात बेल वाजली. दार उघडलं तर आबा. बँकेतल्या मशीननं त्यांच्या बोटांचे ठसे घेतले नव्हते. जन्मभर लोखंड घासून त्यांच्या बोटांवरच्या रेघाच गेल्या होत्या, सोमवारी या म्हणून सांगितलं होतं. हे ते मला दारातच सांगायला लागले होते. अर्ध्यावर थांबले आणि त्यांनी वास घेतला.

गॅलरीपर्यंत ते धावले नाहीत. वर्कशॉपमध्ये धावायचं नसतं. ट्रंकेपाशी उभं राहून त्यांनी कुलूप बघितलं, करड्यातून सुटलेला तो तुकडा बघितला, पिन काढलेली हीट गन बघितली. माझ्याकडं बघितलं नाही. आबांना ठाऊक होतं की आत कागद आणि लोकर धुमसतेय, हवा नाही म्हणून पेटलेली नाही. उघडायची नाही, पाणी ओतत राहायचं, थंड होऊ द्यायची. आत जे आहे ते जाईल, माणूस वाचेल. हे त्यांनी शेकडो पोरांना शिकवलं होतं. मलाही शिकवलं होतं.

"मागं सर," ते म्हणाले. शर्ट वर करून त्यांनी करदोड्याची किल्ली ओढली आणि कुलूप उघडलं.

तेव्हा त्यांचे हात अजिबात कापत नव्हते. हे मी अगदी स्पष्ट बघितलं. किल्ली पहिल्या झटक्यात कुलपात गेली.

झाकण वर झालं आणि आत हवा गेली. भडका त्यांच्या मनगटांपर्यंत आला. त्यांनी हात मागं घेतले नाहीत, आत घातले. कोट बाहेर काढला, तो पेटलेला होता, तो टाकून पुन्हा हात घातले आणि साड्यांचा गठ्ठा उचलला. नायलॉन वितळलं होतं. ते त्यांच्या बोटांना चिकटलं. मी दुसरी बादली त्यांच्यावर आणि ट्रंकेवर ओतली, त्यांना कमरेला धरून मागं ओढलं आणि न्हाणीघरात नेऊन दोन्ही हात नळाखाली धरले. तेवढं मात्र मी बरोबर केलं. चिकटलेलं ओढून काढलं नाही, हळद, टूथपेस्ट काही लावलं नाही. वीस मिनिटं नळ चालू ठेवला. आबा पाण्याकडं बघत उभे होते.  

सुभेदारसाहेबांनी आम्हाला कॅन्टोन्मेंटमधल्या फौजी दवाखान्यात नेलं. गाडीत आबांचे हात ओल्या चादरीत, माझ्या मांडीवर. नोएडा ओलांडून पुलावर आलो तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"दिसलं का काही?"

"दिसलं," मी म्हणाले. "एक अक्षर दिसलं आबा. आईचंच होतं."

ते आईचं होतं की जुन्या पेंटरच्या ब्रशचा फटकारा, मला माहीत नाही. नंतर मी ती बाजू घासून, पुसून, उन्हात धरून बघितली. सगळे थर जळून एकच काळी खपली झाली होती. ते वळण मी एकटीनं बघितलं आणि मीच ते जाळलं.

भाजल्याची केस, म्हणून दवाखान्यात पोलिसांचा माणूस कागद घेऊन आला. कसं झालं, मशीन कोण चालवत होतं. मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. आबा पलंगावरून म्हणाले, "मशीन मैं चला रहा था। हाथ काँपते हैं मेरे। बेटी तो मना करती थी।"

त्यानं लिहून घेतलं. आबांच्या अंगठ्याला पट्टी होती, म्हणून सही माझी घेतली. मी केली.

अठ्ठावीस वर्षं ज्या माणसानं खोटा रिपोर्ट लिहिणाऱ्याला दारात उभं केलं नव्हतं, तो माणूस हे बोलला. आणि मी, दुसऱ्यांच्या टिपणांमधला काना-मात्रा सुधारणारी, त्याच्याखाली सही करून मोकळी झाले. संध्याकाळी भावाचा फोन आला. "ताई, त्यांच्या हातात ते दिलंसच कशाला? तुला कळत नाही का?" मी म्हणाले, कुलूप लावलं होतं. हे खरं होतं. तेवढंच सांगितलं.

आबा पाच आठवड्यांनी घरी आले. दोन्ही हातांना पट्ट्या, उजव्या हाताची तीन बोटं एकमेकांना आणि तळव्याला ओढलेली. मी त्यांना भरवत असे. सोसायटीतली माणसं भेटायला येत, आबांच्या हातांकडं बघत आणि गॅलरीतल्या खुंट्यांकडं बघत. आबांनी त्यांचं ते अपघाताचं वाक्य पुन्हा कुणाला ऐकवलं नाही. चहा अर्धा होई, संपे, पाहुणा उठून जाई.

एका शनिवारी सकाळी ते म्हणाले, "वही आण."

मी खिळ्यावरची वही आणली, पेन आणलं. मला वाटलं तेच सांगतील आणि मी लिहीन. विचारलं, काय लिहू, पोलिसाला सांगितलं तेच का?

"पोलिसाचं पोलिसापाशी. वही घरची आहे. तुझी चूक तू लिही."

बावन्न वर्षांची मी, टेबलाशी बसून लिहायला लागले. काय झालं ते लिहिलं. काय करायला हवं होतं ते लिहिलं, ट्रंक उघडून रिकामी करायला हवी होती. का झालं, तिथं लिहिलं, घाई.

"उभी राहा. वाच."

मी वाचलं.

"घाई नव्हती," आबा म्हणाले. "तुला सगळी सकाळ होती. आठव आणि लिही."

 मी बसून 'घाई' खोडलं आणि लिहिलं, आबांना विचारलं नाही. त्यांची नजर पानावरच होती, म्हणजे अजून पुरं झालं नव्हतं. मी पुढं लिहिलं, त्यांना विचारायची गरज वाटली नाही, कारण त्यांचे हात कापतात म्हणून त्यांना आता काही कळत नाही असं मी धरून चालले होते. हे मी वाचून दाखवलं. आबांनी मान हलवली.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले. "खाली अर्धं पान सोड. माझी पण आहे. बंद पेटी उघडली."

"मी लिहिते ना. तुम्ही सांगा."

"ज्याची चूक त्याचं अक्षर. हात बरे झाले की लिहीन."

हात बरे झाले नाहीत. पुढच्या नोव्हेंबरात बँकेचा माणूस घरी आला, त्यानं डोळ्यांचा फोटो घेऊन आबा हयात असल्याचं लिहून नेलं. त्याच्या पुढच्या नोव्हेंबरापर्यंत ते नव्हते. छातीत पाणी झालं, चार दिवसांत गेले. त्यांच्या करदोड्याची किल्ली तशीच होती. ट्रंक मी केव्हाच भंगारवाल्याला दिली होती, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

तेराव्याला भाऊ आणि दिल्लीतले ओळखीचे जमले होते. भाऊ प्रत्येकाला तेच सांगत होता, म्हातारपणी माणसं ऐकत नाहीत, असली यंत्रं हातात घेतात, तुमच्या घरी कुणी असेल तर सांभाळा. माणसं माना हलवत होती. सुभेदारसाहेब माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बेटी, आपने तो रोका था। आप अपने को दोष मत देना। इतने साल वर्कशॉप में रहे, और देखो, घर में..."  मी त्यांना विचारलं, चाय और लेंगे?

निघताना भावानं घरभर बघितलं आणि म्हणाला, बाकी काही नको ताई, आबांची ती वही मला दे, पोरांना दाखवीन. खिळा रिकामा होता. मी म्हणाले, सापडत नाहीये रे, बघते. तो पुण्याला गेला. अजून फोनवर कधीमधी विचारतो, आणि मी सांगते, बघते.

वही माझ्या खोलीतल्या कपाटात आहे, ड्रिल आणि ग्राइंडरच्या मागं, कुलपात. शेवटच्या नोंदीखाली अर्धं पान कोरं आहे. ते आबांचं आहे, तिथं मला लिहिता येत नाही. माझं पान त्यापुढं सुरू होतं, पोलिसाच्या कागदावरच्या त्या सहीचं, आणि ते मी अजून उघडलेलं नाही.